मूळ विरजण

आमच्या सरांचा नव्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न असायचा, "तुमच्या घरी विरजण कोण लावतं?"

पीएचडीसाठी मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा अर्धवाहकांवरची दोन जाड पुस्तकं घोकून गेले होते. त्यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

"आई लावते," मी म्हटलं.

"तू बघितलंयस?"

"बघितलंय, पण हात नाही लावला कधी."

"मग आधी आठवडाभर घरी दही लाव. जमलं की ये."

मला वाटलं, चेष्टा चाललीय. चेष्टा नव्हती. डोंबिवलीला घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "अगं, तू डॉक्टर व्हायला गेलेलीस की सुगरण?" पण मी लावलं दही. दोन दिवस पाणचट झालं, एकदा इतकं आंबट की आईने त्याची कढी केली. आठव्या दिवशी स्टीलचा डबा घेऊन ठाण्याला गेले. सरांनी दह्यात चमचा उभा करून पाहिला. तो पडला नाही. "हं," ते म्हणाले, "बस."

त्या 'बस'पासून पुढची पाच वर्षं मी त्यांच्या लॅबमध्ये बसले.

आमचं काम सांगायला सोपं होतं. नवीन इलेक्ट्रॉनिक डिव्हाइस कारखान्यात बनवण्याआधी कॉम्प्युटरवर बनवून बघायचं. कुठला थर किती जाड, कुठे किती व्होल्ट दिले तर आतले इलेक्ट्रॉन कसे वागतील, याची हजारो समीकरणं कॉम्प्युटर सोडवतो. पण उत्तर त्याला एका झटक्यात मिळत नाही. आधी आपण एक अंदाज द्यायचा, मग त्यात सुधारणा करत करत तो उत्तराशी पोचतो. अंदाज फारच चुकला तर भरकटतो आणि मान टाकतो. म्हणून आधी अगदी थोड्या व्होल्टचं उत्तर काढायचं, ते पुढच्या किंचित जास्त व्होल्टला अंदाज म्हणून द्यायचं, त्याचं उत्तर त्याच्या पुढच्याला. जगभर या अंदाजाला इंग्रजीत काहीतरी भारी नाव आहे. सर त्याला विरजण म्हणत. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधाला. उत्तर आलं की 'लागलं', नाही आलं की 'नासलं'.

सकाळी लॅबच्या दारातून आत येताना नमस्कार वगैरे नाही, थेट "लागलं का?" कॉलेजच्या तपासणीला आलेल्या समितीतल्या एका बाईंनी ते ऐकून, इथे कँटीनपण चालवता का, असं प्राचार्यांना विचारलं होतं. सगळं कॉलेज त्यांना पाठीमागे विरजण सर म्हणायचं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही.

लॅबमध्ये सर्व्हरसाठी एसी कायम अठरावर असायचा. मे महिन्यात बाहेर ठाणं भाजून निघत असताना सर आत मरून रंगाचा स्वेटर आणि कानाला मफलर अशा थाटात बसत. सकाळी आल्याआल्या चहासुद्धा न घेता ते लॉग वाचत. लॉग म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक कामाची लिहून ठेवतो ती हकीकत. कधी सुरू झालं, कुठे अडलं, कधी संपलं. आम्ही कोणी ते वाचत नसू. सर पेपर वाचावा तसे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि मधेच स्क्रीनकडे बघून म्हणत, "का रे बाबा, इथे काय झालं तुला?"

लिहिण्याची त्यांची आणखी एक तऱ्हा होती. शोधनिबंध असो की साधं पत्र, आधी मराठीत लिहायचे आणि मग इंग्रजी करायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, डबल काम कशाला?" तर म्हणाले, "इंग्रजीत चुकीची गोष्टसुद्धा भारदस्त दिसते गं. मराठीत लगेच उघडी पडते. मला तरी मराठीत खोटं लिहिता येत नाही."

माझा पहिला परिच्छेद त्यांनी मराठीत लिहून आणायला लावला. खरंच उघडा पडला.

सरांचा जन्म कळव्याच्या चाळीतला. दोन खोल्यांच्या मधे फळ्यांची भिंत, पलीकडे दुसरं बिऱ्हाड. दार लावलं तरी तिकडचा कुकर, तिकडचं भांडण, तिकडचा रेडिओ सगळं इकडे. त्यात त्यांनी अभ्यास केला. बहुतेक तिथूनच त्यांना 'बंद म्हणजे बंद'चं वेड लागलं असावं. त्यांचं स्वप्न होतं एक स्विच. भिंतीवरच्या बटणासारखा नव्हे. मोबाइलमध्ये अँटेना एकच असते, तिच्यातूनच बोलणं बाहेर जातं आणि आत येतं. कोणाला कधी सोडायचं ते ठरवणारा बारीकसा स्विच आत असतो. सिग्नलची वारंवारिता फार वाढली की हा स्विच बंद केला तरी थोडा सिग्नल पलीकडे झिरपतोच. ते झिरपणं सरांना थांबवायचं होतं.

नवा विद्यार्थी आला की सर त्याला खोपटच्या एसटी डेपोवर न्यायचे. मलाही नेलं. फाटकाशी उभं करून म्हणाले, "हा जो शिट्टीवाला आहे ना, तो आपला स्विच. एकाला थांबवतो, एकाला सोडतो. गाडी थांबते. पण धूर बघ."

धूर सगळा आमच्या तोंडावर येत होता.

"गाडी थांबवणारे पुष्कळ आहेत. आपल्याला धूर थांबवायचाय."

नंतर डेपोच्या कँटीनमध्ये त्यांनी चहा पाजला आणि कागदी रुमालावर आपला स्विच काढून दाखवला. सिलिकॉनचा पातळ पापुद्रा, वरून आणि खालून एकेक गेट, म्हणजे विजेवर चालणारं फाटक, आणि मधे एका खास पदार्थाचा थर. माझ्या शेवटच्या वर्षापर्यंत या एका चित्रावर त्यांची अकरा वर्षं गेली होती. कॉम्प्युटरवर तो स्विच अप्रतिम चालायचा. बंद केला की झिरपणं जवळजवळ नाहीच. त्यांचे दोन शोधनिबंध छापून आले होते, माझ्या आधीच्या तिघांच्या पीएचडी त्याच्यावर झाल्या होत्या आणि माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्यावरच उभं होतं.

यात एक फाइल होती. अकरा वर्षांपूर्वी मोठ्या मिनतवारीने सरांना एकदा या स्विचचं उत्तर 'लागलं' होतं. ते त्यांनी जपून ठेवलं. तेव्हापासून लॅबमधलं प्रत्येक काम त्याच उत्तरापासून सुरू व्हायचं. फाइलचं नाव होतं मूळ विरजण. शून्यापासून सुरुवात केली तर आठ-दहा दिवस जायचे आणि बहुतेक वेळा नासायचं, त्यामुळे त्या वाटेला कोणी जात नसे. सासरी जाताना मुलगी माहेरचं विरजण नेते तशी प्रत्येक विद्यार्थ्याला ही फाइल मिळायची.

माझ्या शेवटच्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. दक्षिणेतल्या एका संस्थेने सरांचा स्विच खरोखर बनवून द्यायचं कबूल केलं. अकरा वर्षं फक्त पडद्यावर असलेली वस्तू हातात येणार होती. सर इतके खूश झाले की त्यांनी लॅबमध्ये श्रीखंड वाटलं, घरच्या चक्क्याचं. आणि त्याच सुमारास आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि तिला मूळ विरजणाची जुनी फाइल उघडता येईना.

सरांचं निवृत्तीचं वर्ष होतं, त्यांच्या मागे कागदपत्रांची धावपळ होती. मी ठरवलं, त्यांना त्रास नको, आपणच शून्यापासून लावू. अगदी बारीक पावलं टाकत नऊ दिवस चालवलं. लागलं. मी उड्या मारायचीच बाकी होते, पण आधी आलेख उघडला.

स्विच झिरपत होता. बाजारातल्या कुठल्याही स्विचइतकाच.

माझीच चूक असणार, म्हणून दुसऱ्या मशीनवर दुसऱ्या पद्धतीने चालवलं. तेच उत्तर. मग दोन दिवस डोकं धरून बसले आणि माझ्या लक्षात आलं. त्या खास थराला आधीची स्थिती लक्षात राहते, त्यामुळे एकाच व्होल्टला दोन उत्तरं निघू शकत होती. कुठलं मिळेल ते सुरुवात कुठून केली यावर. अकरा वर्षांपूर्वीचं ते पहिलं उत्तर अशा ठिकाणचं होतं, जिथे खरा स्विच कधीच पोचणार नव्हता. खऱ्या वस्तूला वीज जोडतात ती शून्यापासून. तिला कोणी विरजण लावत नाही. आणि आम्ही सगळे अकरा वर्षं तेच दही पुढे पुढे लावत आलो होतो.

हे मी सरांना त्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मी तो लॉग पेन ड्राइव्हवर घेतला आणि सर्व्हरवरून पुसून टाकला. सरांना या वयात दुखवायचं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खरी गोष्ट अशी की मला माझी पदवी हवी होती. बाबा गेल्यापासून आईने शिकवण्या घेऊन मला शिकवलं होतं आणि पाचवं प्रकरण गेलं तर पदवी किती वर्षं लांबेल ते मला दिसत होतं. शुक्रवारी सर डिझाइन संस्थेकडे पाठवणार होते. एकदा पाठवलं की पाठवलं, मग जे होईल ते होईल, असा भेकड हिशेब मी करून ठेवला होता.

शुक्रवारी सकाळी सर आले. "लागलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर, चालूय अजून," मी म्हटलं.

ते जरा वेळ माझ्या टेबलापाशी उभे राहिले. मग आपल्या जागेवर जाऊन त्यांनी संस्थेला फोन लावला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासून पितृपक्ष आहे. पंधरा दिवस थांबू. अमावस्या झाली की पाठवतो."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. सरांचं घर बौद्ध. श्राद्धपक्ष त्यांच्याकडून आजोबांच्या पिढीतच गेलेला. मुहूर्ताची तर ते यथेच्छ टिंगल करत. लॅबचा सर्व्हर त्यांनी मुद्दाम अमावस्येला सुरू केला होता आणि तो एकदाही बंद पडला नाही, हे येईल त्याला ऐकवत.

"सर, तुम्ही आणि पितृपक्ष?" मी न राहवून विचारलं.

"मी कुठे मानतो? पण इतक्या वर्षांचं काम. पाठवताना कोणाच्या मनात किंतु नको."

शेजारच्या लॅबमधले एक प्राध्यापक दारात उभे होते. ते हसून म्हणाले, "निवृत्ती जवळ आली की सगळेच देवाला लागतात." मलाही थोडं हसूच आलं. आणि हसण्याच्या आड मी सुटकेचा श्वास टाकला, पंधरा दिवस मिळाले म्हणून.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते मला माहीत. रोज सकाळी "लागलं का?" रोज माझं "नाही सर." रोज ते क्षणभर थांबत आणि म्हणत, "असू दे. वेळ आहे." बाबांच्या तिथीला तर त्यांनीच मला घरी पाठवलं. "जा, आई एकटी असेल." घरी आईने पान वाढलं आणि मला नमस्कार करायला सांगितलं. मी हात जोडले, पण बाबांच्या फोटोकडे माझ्याच्याने वर बघवलं नाही.

सर्वपित्री अमावस्येला लॅबमध्ये मी आणि सर दोघंच होतो. दुपारी त्यांनी डबा उघडला. पोळी, वांग्याची भाजी आणि नेहमीची दह्याची छोटी डबी. डबी त्यांनी माझ्याकडे सरकवली.

"घे. आज छान लागलंय."

दह्यात चमचा उभा होता. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मला रडू फुटलं.

"सर, स्विच चालत नाही," मी म्हटलं. "मी शून्यापासून लावून बघितलं. आपलं विरजणच चुकीचं होतं."

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "किती वेळा लावलंस?"

"दोनदा. दोन्ही मशीनवर."

"उत्तर तेच?"

"तेच."

"बरं," ते म्हणाले. मग डबी आणखी जवळ सरकवून म्हणाले, "आधी खा."

हे कधी कळलं, असं त्यांनी मला विचारलं नाही. तेव्हा मला त्याचं बरंच वाटलं.

जेवण झाल्यावर त्यांनी डबा धुतला, मफलर सारखा केला आणि संस्थेला फोन करून सांगितलं की स्विच बनवू नका, चूक आमच्याकडची आहे. पुढच्या आठवड्यात त्यांनी ते दोन्ही छापलेले निबंध मागे घेण्याची पत्रं लिहिली, आधी मराठीत. प्राचार्यांनी बोलावून समजावलं, की कोणाच्या लक्षात आलेलं नाही, चार महिन्यांत निवृत्त होताय, कशाला? सर म्हणाले, "माझ्या लक्षात आलंय ना." त्या वाक्याची कॉलेजभर थट्टा झाली. शेजारच्या लॅबमधले प्राध्यापक स्टाफरूममध्ये म्हणाले, "विरजणवाल्यांच्या कामावर अखेर विरजण पडलं." सगळे हसले. मी तिथे होते आणि माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही, याची लाज मला आजही वाटते.

निरोप समारंभ झाला, पण भाषणात स्विचचा कोणी उल्लेख केला नाही. अकरा वर्षं एक माणूस काय करत होता, हे त्याच्या निरोपाच्या दिवशी कोणी बोलू नये, यासारखं वाईट काय असेल? सर बाहेर पडताना मला म्हणाले, "प्रकरण पाच कोरं ठेव. बाकीचं लिही. पाचचं मी बघतो."

मला वाटलं, माझी समजूत घालतायत.

निवृत्तीनंतर दोनच महिन्यांत त्यांच्या पोटाचा आजार निघाला. मी कळव्याला जात असे. काकू, म्हणजे सरांची बायको, दार उघडून आधी डोळ्यांनीच सांगायच्या की आज कसं आहे. सर खाटेवर, स्वेटर घालून, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप. काकू म्हणायच्या, "सांग तुझ्या सरांना, जरा पडून राहा म्हणावं. पोटात अन्न ठरत नाही आणि बोटं थांबत नाहीत." सर मला बघून विचारत, "लागलं का?" मी म्हणे, "हो सर, चार प्रकरणं झाली." ते मान हलवत. शेवटी शेवटी त्यांना दहीसुद्धा चालेना, तरी काकू रोज लावायच्या. सवयीने हात जातो, म्हणायच्या.

सर गेले तेव्हा मी तिसरं प्रकरण तपासत होते. फोन आला आणि मी बराच वेळ तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. कॉलेजमधून आम्ही तिघंच. वंदना झाली, लोक उठले, तेव्हा काकूंनी मला बाजूला घेतलं आणि रुमालात बांधलेली एक हार्ड डिस्क हातात दिली.

"हे तुझं आहे म्हणाले. विसरू नकोस म्हणून मला तीनदा सांगितलंन्‌."

घरी येऊन उघडली. आत एकच फोल्डर होता, 'प्रकरण पाच'. त्या वर्षभरात सरांनी आपला स्विच घरच्या लॅपटॉपवर शून्यापासून लावून बघितला होता, एकदा नाही, वेगवेगळ्या जाडीचे थर घेऊन पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी तो झिरपतच होता. का झिरपतो, दोन उत्तरं का निघतात, कुठलं खरं आणि कुठलं आभासी, कसं ओळखायचं, सगळं नीट आलेखांसकट. आपलं अकरा वर्षांचं काम चुकीचं आहे हे त्यांनी इतकं स्वच्छ सिद्ध करून ठेवलं होतं की त्यावर कोणाला बोट ठेवता येऊ नये. माझी पदवी त्याच प्रकरणावर झाली. परीक्षकांनी त्याचीच सगळ्यात जास्त स्तुती केली आणि मी खाली मान घालून ऐकत राहिले.

फोल्डरच्या तळाशी तीन जुन्या फाइली होत्या. पहिली माझा लॉग. मी पुसलेला. सर्व्हर रोज पहाटे स्वतःची नक्कल काढून ठेवतो, ती व्यवस्था सरांनीच केली होती आणि मी विसरले होते. दुसरा लॉग सरांचा स्वतःचा, शून्यापासून लावलेला. तो सुरू झाला होता त्या शुक्रवारी, पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी, आणि संपला होता नवव्या दिवशी.

तिसरं, संस्थेला लिहिलेल्या पत्राचा मराठी मसुदा. स्विच बनवू नये, चूक आमच्याकडची आहे, आणि शेवटी एक ओळ: "हा दोष माझ्या विद्यार्थिनीने शोधून काढला आणि तिने स्वतःहून मला येऊन सांगितला."

फाइलची तारीख मी आईच्या दिनदर्शिकेत जाऊन बघितली. त्या दिवशी दशमी होती. अमावस्येला अजून पाच दिवस होते आणि मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

मराठीत खोटं लिहिता येत नाही म्हणणाऱ्या माणसाने ते एक वाक्य लिहून ठेवलं होतं, आणि मी येऊन ते खरं करेन म्हणून रोज सकाळी माझ्या टेबलापाशी थांबून विचारत होता, लागलं का.